तोंड दाखवा, मग बोला

"हेल्मेट काढ."

मोटारसायकलवरच्या माणसाने कोळंबीचा भाव विचारला होता. गाडी चालूच होती त्याची. तिने कोयत्याचं टोक त्याच्या डोक्याकडे केलं आणि परत म्हणाली, "हेल्मेट काढ. तोंड दाखव, मंग बोल."

"अगं मावशी, भाव तरी सांग!"

"कोनाला सांगू? ह्या डब्याला?"

शेजारच्या कोळणी हसल्या. त्याने गाडी बंद केली, हेल्मेट काढलं. तिने तोंड नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "तू पाठच्या बिल्डिंगीतल्या मास्तरीनबाईंचा जावई ना? त्यांचा गुडघा कसा हाय?" गुडघ्याचं सांगता सांगता तो घासाघीस करायचं विसरला आणि सांगितल्या भावाने कोळंबी घेऊन गेला.

अशी होती ती. नेरूळला आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर बसायची. सारसोळ्याची कोळीण. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिच्या गावात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि आमच्या बिल्डिंगीत इतकी वर्षं कोणी विचारलं नाही. सगळे मावशी म्हणायचे. मी तिच्याच वयाचा, म्हणून मी बाय म्हणायचो. ती मला भाऊ म्हणायची आणि माझ्या बायकोला वहिनी. तुमच्याही कोपऱ्यावर अशी एखादी असेल. आज घरी जाताना तिच्याकडे जरा बघून घ्या.

मी लिहिणारा माणूस नाही. सातवीत शाळा सुटली. रत्नागिरीकडून आलो आणि पावण्याला रबराच्या कारखान्यात भट्टीपुढे जन्म गेला. त्या धुराने माझं नाक मेलं. खरंच मेलं, मला कसलाच वास येत नाही. बायको म्हणायची, "ह्यांना गटार आणि अत्तर एकच." म्हणून घरात मासळी नेहमी तिनेच आणली. नाक तिचं, पिशवी तिची.

बायको समुद्राकाठची. तिला आधी खाडीची मासळी पटायचीच नाही. बायने पहिल्यांदा निवट्या दाखवल्या तेव्हा ती म्हणाली, "हे चिखलातलं काय खायचं?"

बाय म्हणाली, "वहिनी, तुजा समिंदर लय मोठा. पन समिंदराला घरची चव नाय. घेऊन जा. नाय आवडल्या तर उद्या येऊन माज्या तोंडावर टाक."

दुसऱ्या दिवशी बायको गेली ती निवट्या टाकायला नाही, अजून आणायला.

आम्ही बौद्ध. आमच्याकडे श्रावण पाळत नाहीत. श्रावणात तो कोपरा ओस पडायचा, बाकीच्या बायका घरी बसायच्या, ही मात्र पाटी घेऊन यायची. आमची बायको उपड्या क्रेटवर तिच्यापुढे बसायची आणि मासळीपेक्षा गप्पाच जास्त घरी घेऊन यायची. बाय म्हणायची, "श्रावनात माजी चूल वहिनीवर चालते." दोघी भांडायच्या पण फार. वजनावरून, बर्फावरून, एकदा तर कोणाची सून जास्त आळशी यावरून. आम्हाला सून नाहीच, एक लेक आहे. तरी भांडल्या.

बिल्डिंगीतल्या लोकांनी तिला फोनवर ऑर्डर घ्यायला सांगून पाहिलं. फोन होता तिच्याकडे. पण तिने घेतली नाही. "फोनवर काय, कोनपन काय पन बोलतं. खाली या, तोंड दाखवा, म्हावरा बघा, मना शिव्या द्या, घेऊन जा." धंद्याचं नुकसान होतं असं मी एकदा म्हणालो. तर म्हणाली, "भाऊ, तोंड नाय बघितला तर धंदा कुटला? ती मजुरी."

मग बायको आजारी पडली. पाय सुजले, तिला खाली उतरवेना. तेव्हा मी पहिल्यांदा पिशवी घेऊन कोपऱ्यावर गेलो. बायको करायची तसा मासा उचलला, कल्ले उघडले आणि नाकाला लावला.

बाय बघत होती. म्हणाली, "भाऊ, नाटक कनाला करताव?"

मी मासा खाली ठेवला.

"तुमचा नाक माज्याकडं राहू द्या," ती म्हणाली. तेव्हापासून माझं नाक तिच्याकडे राहिलं. एखाद्या दिवशी माल तिच्या मनासारखा नसला की मला देतच नसे. पिशवी पुढे केली तरी हात हलवायची. "आज तुमच्यासाठी नाय. आज डाल खा."

एकदाच काय ती चूक झाली. मी खाली निघालो होतो तेव्हा बायकोने मला फोनवर आवाजाचा मेसेज पाठवला. ती टाईप कधी करायचीच नाही. सहीपुरतं लिहायला यायचं, आणि म्हणायची, तोंड कशाला दिलंय मग? मेसेज असा होता: "ऐका. कोळंबी आणा. आणि बायला सांगा, परवाची नरम होती. तिच्या तोंडावर सांगा हां, मागून बोलायची मला सवय नाही. आणि छत्री विसरू नका." मी जाऊन सांगितलं. बायने तोंड वाकडं केलं, पाटीतली कोळंबी चिवडली, वेचून वेचून दिली आणि म्हणाली, "वहिनीला सांगा, बोलली ती बरा केला."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बायको गेली. तो मेसेज माझ्या फोनमध्ये राहिला. मी तो ऐकतो. किती वेळा ऐकतो ते विचारू नका. तिचा फोन कपाटात आहे आणि त्याचं रिचार्ज मी मारतो. लेक म्हणते, बाबा, कशाला? मी म्हणतो, माझे पैसे.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

कोपऱ्याच्या मागच्या प्लॉटवर टॉवर उभा राहत होता. खाली दुकानं, वर फ्लॅट. गिऱ्हाईक गाडीतून फ्लॅट बघायला यायचं, काच खाली करायचं आणि लगेच वर करायचं. मला वास येत नाही, पण काच वर जाताना दिसते. थोड्या दिवसांनी कोपऱ्यावर महापालिकेचा कागद चिकटला. नागरिकांच्या मागणीवरून मासळीवाल्यांना इथून हलवण्याचा विचार चालू आहे, ज्यांना सूचना द्यायच्या असतील त्यांनी मोबाईलवर अमुक पानावर द्याव्यात, नंतर सुनावणी होईल.

त्या बायका मोबाईलवर काय सूचना देणार? पण लोकांनी दिल्या. शेकड्याने. सगळ्या एकाच बाजूच्या.

टॉवरच्या ऑफिसातला एक टायवाला माणूस एके सकाळी कोपऱ्यावर आला आणि फोन उघडून बायला म्हणाला, "मावशी, आमच्यावर चिडू नका. तुमचीच गिऱ्हाइकं सांगतायत, उठवा म्हणून."

"कोन सांगतो? नाव बोल."

तो नावं वाचायला लागला. तळमजल्यावरच्या टीचर, ज्या दर बुधवारी न्यायच्या. समोरच्या बिल्डिंगीतले डॉक्टर. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतून रिटायर झालेले साहेब. बाय ऐकत होती. मी तिथेच उभा होतो, पिशवी घेऊन. मग त्याने माझ्या बायकोचं नाव वाचलं. आडनावासकट, फ्लॅट नंबरासकट.

बायने माझ्याकडे बघितलं नाही. तिने पाटीवर गोणपाट टाकलं आणि त्या दिवशी धंदा न करता उठली.

संध्याकाळी दारावर थाप पडली. इतक्या वर्षांत ती कधी आमच्या घरी वर आली नव्हती, फक्त बायको गेली त्या दिवशी आली होती. अंगावर सोनं, डोक्यात फूल, धुतलेलं लुगडं, हातात केळीच्या पानात बांधलेली मासळीची पुडी. वॉचमन मागोमाग आला होता. म्हणाला, "काका, मी सांगितलं इकडे विकायला अलाऊड नाही."

"इकायला नाय आयले," ती म्हणाली. "इचारायला आयले."

वॉचमन गेला. ती आत आली, पुडी जमिनीवर ठेवली आणि भिंतीवरच्या बायकोच्या फोटोपुढे उभी राहिली. मी बस म्हणालो, बसली नाही.

"वहिनी," ती फोटोला म्हणाली, "तू पन?"

मला वाटलं होतं ती रागावून येईल. ती रागावलेली नव्हती. तिचं तोंड पडलं होतं. मी म्हणालो, "बाय, अगं ती जाऊन वर्ष होत आलं. ती कुठून लिहिणार?"

"मरायच्या आधी लिवला असल."

"मी त्याच्या फोनवर बघितलं, खाली तारीख आहे. गेल्या आठवड्यातली."

"तारीक काय, कोनपन घालतो." मग हळूच म्हणाली, "तिला वास येत व्हता तर मना का नाय बोलली? रोज समोर बसायची. मी दोन बादल्या जास्ती टाकल्या असत्या."

तिच्या डोक्यात काय होतं ते तेव्हा मला कळलं. जागा जाणार याचं दुःख तिला होतंच. पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. जिला मैत्रीण मानली ती मागून बोलली आणि न सांगता मेली, असं तिला वाटत होतं.

मी लेकीला फोन लावला. ती खारघरला राहते, कॉम्प्युटरचं काम करते. फोन मोठ्या आवाजावर ठेवला. तिने ते मोबाईलवरचं पान उघडलं आणि आईच्या नावाचं वाचून दाखवलं. "मी या परिसरातील ज्येष्ठ महिला नागरिक असून, मासळीविक्रीमुळे निर्माण होणाऱ्या दुर्गंधीचा माझ्या दैनंदिन जीवनावर प्रतिकूल परिणाम होत आहे." एवढं वाचून लेकीने आणखी दोन-चार तक्रारी उघडून बघितल्या. मग म्हणाली, "बाबा, हे एआयने लिहिलंय. मशीनने. कोणीतरी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून नावं उचललीत आणि प्रत्येकाच्या नावाने वेगवेगळी तक्रार लिहून घेतलीय. एक माणूस खुर्चीत बसून गावभराच्या नावाने बोलू शकतो आता. आईचा नंबर अजून ग्रुपवर आहे ना, म्हणून तीपण आली त्यात."

म्हणजे माझ्या रिचार्जवर ती जिवंत होती, आणि तक्रार करत होती.

मी बायला समजावलं. तिला काही केल्या ते पटेना. "मशीन?" ती म्हणाली. "मशीन कनाला माज्यावर राग धरल? मशिनीचा मी काय घेतला?"

मी माझा फोन काढला आणि तो मेसेज लावला.

तिने वहिनीचा आवाज ऐकला. नरम कोळंबी ऐकली. तोंडावर सांगा हां, मागून बोलायची मला सवय नाही. छत्री विसरू नका.

मेसेज संपला तरी ती फोनकडे बघत होती. "व्हय," म्हणाली. "त्या दिसाला तुमी येऊन बोललेलाव. मी तोंड वाकडा केलता." मग जमिनीवर बसली, पदर तोंडाला लावला आणि रडली. मीपण रडलो. आता लोक म्हणतात मशीन आवाजसुद्धा हुबेहूब काढतं. काढू दे. छत्रीची आठवण कोण करून देणार?

मी चहा केला. तो पिताना ती म्हणाली, "वहिनीनी नाय लिवला. बरा. पन बाकीच्यांनी तर लिवलाय."

"अगं, ते सगळंच खोटं असणार."

"असणार म्हंजे काय? तुमी इचारला?" तिने कप खाली ठेवला. "आमच्या गावकीत असा हाय भाऊ. कोन तुज्यावर बोलला तर त्याच्या उंबऱ्यावर जायाचा. मागून भांडायचा नाय. जायाचा नि इचारायचा, माजा काय चुकला?"

तिची ही चूकच होती. ज्या तक्रारी कोणी केल्याच नव्हत्या, त्या तिने खऱ्या धरल्या आणि दुसऱ्या दिवसापासून दारोदार माफी मागायला निघाली. मी बरोबर गेलो, कारण वॉचमन माझं ऐकतो आणि मला दुसरं काम नव्हतं.

टीचरबाईंनी दार उघडलं आणि आ वासला. "मी? अहो, मी तर परवाच तुमच्याकडून सरंगा घेतला! मी कशाला लिहू?"

"मंग माजा काय चुकत नाय?"

टीचरबाई अडखळल्या. बोलू का नको असं झालं त्यांना. "आता विचारताच आहात तर... ती खवलं उडतात ना, माझ्या स्कूटरला चिकटतात."

"हा," बाय म्हणाली. "हा खरा बोललाव."

डॉक्टरांनीही काही लिहिलं नव्हतं. पण मांजरं फार झालीत म्हणाले. एका बाईने सांगितलं, तुम्ही फार मोठ्याने बोलता, बाळ उठतं. एक म्हातारे म्हणाले, तुम्ही महाग देता. बाय प्रत्येकाला हा म्हणायची. फक्त महागाचं ऐकून म्हणाली, "ता काय चुकला नाय, ता तसाच राहील."

ज्याच्या नावाने लिहिलं होतं त्यातल्या एकानेही ते लिहिलं नव्हतं. आणि ज्याला विचारलं त्याला बोलायला काहीतरी होतं. इतकी वर्षं कोणी त्यांना विचारलंच नव्हतं. ना मशीनवाल्याने, ना आणखी कोणी.

शेवटी आमचा तिसरा मजला राहिला. बँकवाले साहेब. शुद्ध शाकाहारी, बायको नाही, मुलगा परदेशात. रोज सकाळी कोपऱ्यावरून जाताना नाकाला रुमाल लावणार आणि म्हणणार, "बाई, पाणी टाका, पाणी!" ती म्हणणार, "टाकते सायेब, तुमी चाला." वर्षानुवर्षं हे चाललं होतं. मी म्हणालो, "बाय, ह्यांच्याकडे नको. ह्यांनी खरंच लिहिलं असेल."

"मंग तर जायालाच पायजे."

साहेबांनी दार अर्धंच उघडलं. तिने विचारलं. त्यांचा चेहरा तांबडा झाला. "मी लिहिलं? मी कशाला चोरून लिहू? मला तुमचा वास सहन होत नाही, हे मी तुम्हाला रोज तोंडावर सांगतो!"

बाय माझ्याकडे वळली आणि एवढी हसली. "बघा भाऊ. अख्ख्या नेरुळात हा एकच मानूस तोंडावर बोलतो." मग त्यांना म्हणाली, "सायेब, सुनावनीला या. हाच बोला तिथं."

"मी तुमच्या विरुद्ध बोलेन."

"बोला की. तोंड दाखवून बोला."

मी जिन्यात तिच्यावर ओरडलो. आपल्या विरुद्धच्या माणसाला कोणी आमंत्रण देतं का? ती म्हणाली, "त्याचा घर नाय का? घर हाय तर त्याला बोलनं हाय."

सुनावणीच्या दिवशी मी भिंतीवरचा फोटो काढला आणि बायकोच्याच मासळीच्या पिशवीत घालून नेला. महापालिकेच्या ऑफिसात एक मॅडम बसल्या होत्या, शांत बाई. टायवाला पडद्यावर काय काय दाखवत होता. बहुसंख्य नागरिक, तीव्र भावना, असं. मग मॅडम म्हणाल्या, विक्रेत्यांपैकी कोणाला बोलायचंय का?

बाय उठली. कोळणी मागे बसल्या होत्या, त्यांना वाटलं आता ही आग लावणार. बाय म्हणाली, "मॅडम, तलमजल्याच्या टीचरबाईंच्या गाडीला आमची खवलं लागतात. डाक्टर बोलले मांजरा लय झाली. एक बालंतीन हाय तिचा बाळ आमच्या आवाजानं उठतं. तिसऱ्या मजल्याच्या सायेबांना वास येतो..."

मी तिला कोपराने ढोसलं. "बाय, आपल्या बाजूचं बोल!"

"जेचा तेचा बोलते," ती म्हणाली. "मी दारात गेलेली. माज्या कानानं ऐकलाय. पन मॅडम, उठवा असा कोनी बोलला नाय. ह्यांच्या मोबाईलमंदी बोललेत. मना एकपन तोंड नाय भेटला जो तसा बोलला."

टायवाला म्हणाला, "मॅडम, लोकांची भावना तीच आहे. आम्ही फक्त शब्दरचनेसाठी एआयची मदत घेतली."

तेव्हा मागून बँकवाले साहेब उठले. खरंच आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाले, "मला वास येतो. मी ते लपवत नाही. इथे पाण्याचा नळ आणि गटाराला उतार हवा, हे माझं म्हणणं आहे. पण माझ्या नावाने जे लिहिलंय ते मी लिहिलेलं नाही. माझा राग माझा आहे. तो तुम्ही परस्पर वापरायचा नाही."

नंतर मी उठलो. मला बोलता येत नाही लोकांपुढे. मी पिशवीतून फोटो काढला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. हार तसाच होता. म्हणालो, "हिचं नाव तुमच्याकडे तक्रारीत आहे. हे हिचं तोंड. ती मेली. बोलायचं होतं ते ती जिवंतपणी बोलली, कोळंबी नरम आहे म्हणून. बाकी काही नाही."

मॅडमनी फोटो दोन्ही हातांनी उचलून मला परत दिला. म्हणाल्या, मोबाईलवरचं सगळं बाजूला ठेवा, इथे आलेत त्यांचंच लिहून घ्या. मग एकेक जण उठून बोलला. खवलं, मांजरं, आवाज, महाग. सगळं लिहून घेतलं.

टायवाल्याला काही झालं नाही. असल्यांना काही होत नाही. पण बायका तिथेच राहिल्या. पावसाच्या आधी ओटा झाला, नळ आला, गटाराला उतार झाला. पहिल्या दिवशी बायने नळ सोडला आणि साहेब येईपर्यंत सोडूनच ठेवला. साहेब रुमाल लावून आले. तिने विचारलं, "आता?"

साहेबांनी रुमाल काढला, परत लावला. "थोडा कमी."

"थोडा तर थोडा," ती म्हणाली.

लेकीने आईचा नंबर ग्रुपमधून काढायला लावला. मी काढला. ग्रुपवर ओळ आली, अमुक बाहेर पडल्या म्हणून. एकाने त्यावर अंगठ्याचं चित्र टाकलं. रिचार्ज मात्र मी बंद केलेलं नाही.

त्या ओट्यावर ती एक श्रावण बसली. पुढचा श्रावण यायच्या आत, एक दिवस घरी दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. आजार नाही, दवाखाना नाही.

मला ते ग्रुपवरून कळलं. कोणीतरी टाकलं, आणि मग श्रद्धांजल्या यायला लागल्या. मोठमोठ्या. सुंदर मराठीत. त्यांच्या जाण्याने परिसराच्या सामाजिक जीवनात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. फुलं, हात जोडलेले. जे कधी खाली उतरले नाहीत त्यांच्याही. मी एकेक वाचत होतो. कुठली माणसाने लिहिली आणि कुठली मशीनने, मला कळेना. कदाचित खरंच वाईट वाटलं असेल त्यांना. पण मला कळेना.

मी काही लिहिलं नाही. चपला घातल्या. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दारात बँकवाले साहेब, चपला घालून.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"सारसोळ्याला."

"चला."

कोपऱ्यावरून गेलो तेव्हा ओटा धुतलेला, कोरडा होता. बाकीच्या बायका तिच्याच घरी गेल्या होत्या. साहेबांचा हात सवयीने रुमालाकडे गेला आणि खिशातच राहिला. "आज वास नाही," ते म्हणाले. मला तर कधीच येत नव्हता. तरी मी थांबलो, आणि नाकाने श्वास ओढून बघितला.

तिचं घर गल्लीच्या टोकाला, खाडीकडे. दारात चपलांचा ढीग. आत अंधार, बाहेर ऊन. तिची सून भिंतीला टेकून बसली होती. तिने मला कधी पाहिलेलं नव्हतं. दारात दोन म्हातारे दिसले तशी तिने डोळ्यांवर हात धरला आणि विचारलं, "कोन हाय?"

साहेब मागेच थांबले. मी चष्मा काढला, उंबऱ्याशी गेलो आणि तिला नीट दिसावं म्हणून तोंड उजेडाकडे केलं.